स्वप्न कुणाचे, विचारले कुणाला? डिस्टोपियन साहित्याची ओळख

आजचा विषय आहे डिस्टोपियन साहित्य. इतिहासाच्या व्याख्यानात कादंबऱ्या कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे थोडक्यात उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. या कादंबऱ्या घडतात बहुधा भविष्यात, पण त्यांच्या भिंतींना लावलेली वीट इतिहासातली असते. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ साली आली. तिच्याबद्दल त्या नेहमी सांगत आल्या आहेत की, माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्ष केलेले नाही असे आपण त्या पुस्तकात काहीही घातले नाही. म्हणजे भविष्याची ही कादंबरी इतिहास वाचूनच लिहिलेली आहे. आपण आज तिच्याकडे त्याच बाजूने बघू.

आधी शब्द. ‘डिस्टोपिया’ला मराठीत कुणी दुःस्वप्नराज्य म्हणते, कुणी दुःस्वप्नलोक. एकच एक शब्द अजून रूढ झालेला नाही, म्हणून आपण सोयीसाठी डिस्टोपियाच म्हणू. त्याचा अर्थ मात्र नीट लावून घेऊ, कारण आजकाल कुठल्याही वाईट गोष्टीला हा शब्द चिकटवतात.

समजा, सकाळची विरार लोकल. दारात लटकलेली माणसे, आत श्वास घ्यायला जागा नाही. हा डिस्टोपिया आहे का? नाही. हे हाल आहेत. गर्दी तुमच्या भल्यासाठी आहे असे कुणी म्हणत नाही. उलट सगळेच, अगदी रेल्वेसुद्धा, ती कमी व्हावी असे म्हणतात. पण उद्या असा नियम निघाला की, कोणी किती मिनिटे दारात लटकायचे हे घराच्या पत्त्यावरून ठरेल, त्याची रोज नोंद होईल, तक्रार करणाऱ्याचा पास रद्द होईल, आणि शाळेत मुलांना शिकवतील की लटकण्याने चारित्र्य घडते. मग डिस्टोपिया सुरू झाला. फरक लक्षात आला ना? हाल दोन्हीकडे आहेत. पण दुसरीकडे त्या हालांची व्यवस्था लावलेली आहे, आणि ती व्यवस्था स्वतःला चांगली म्हणवते. पूर, साथ किंवा अणुयुद्धानंतर उरलेल्या जगाच्या कथा असतात, त्याही भयानक असतात. पण त्यांना आपण प्रलयकथा म्हणू. डिस्टोपियात जग बुडालेले नसते. ते अगदी शिस्तीत चालू असते.

आता मुळाकडे जाऊ. डिस्टोपियाचा बाप म्हणजे युटोपिया. इंग्लंडचा थॉमस मोर याने १५१६ साली लॅटिनमध्ये ‘युटोपिया’ नावाचे पुस्तक लिहिले. ग्रीक शब्दांवरचा खेळ आहे हा: ‘कुठेच नसलेली जागा’ आणि ‘चांगली जागा’ असे दोन्ही अर्थ त्यातून ऐकू येतात. मोरचे हे बेट मोठे सुखाचे. तिथे खासगी मालमत्ता नाही, कामाचे तास फक्त सहा, आणि सोन्याला इतकी कमी किंमत की त्याची भांडी शौचासाठी वापरतात. वाचताना छान वाटते. पण जरा पुढे वाचा. या बेटावर गुलाम आहेत. त्यांच्या बेड्या सोन्याच्या आहेत एवढेच. आणि दुसऱ्या गावाला जायचे तर परवाना लागतो. परवान्याशिवाय पुन्हा सापडलात तर तुम्हीच गुलाम. म्हणजे युटोपियाच्या पोटात पहिल्या दिवसापासून एक दुसरी गोष्ट दडलेली आहे. मोरने ती सांगितली बेटाची वाखाणणी करणाऱ्या प्रवाशाच्या तोंडून. हेच बेट त्या सोन्याच्या बेडीतल्या गुलामाने वर्णन केले असते तर?

आजच्या व्याख्यानात आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. डिस्टोपिया म्हणजे कुणाचे तरी स्वप्नच असते. फक्त ते ज्याला विचारले गेले नाही त्याच्या तोंडून सांगितलेले असते. पुढची सगळी उदाहरणे आपण याच कसोटीवर घासून बघू.

कुणी म्हणेल, आपल्याकडेही हे होतेच की. रामराज्य आहे, समर्थ रामदासांचे ‘आनंदवनभुवनी’ आहे; ही सुखराज्याची चित्रे झाली. आणि उलट बाजूला कलियुगाचे वर्णन आहे: महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी ते करतात, भागवताच्या बाराव्या स्कंधातही आहे. बरोबर आहे. पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कलियुग येतेच. ते कालचक्र आहे, त्याला कुणी टाळू शकत नाही, आणि त्याला कुणी एक माणूस किंवा एक कायदा जबाबदार नाही. डिस्टोपिया माणसे बांधतात, म्हणूनच तो टाळता येतो. त्याच्या लेखकाला भविष्य सांगायचे नसते. तो म्हणत असतो, ‘असेच चालू ठेवलेत तर.’ या ‘तर’मध्ये सगळा जीव आहे.

इंग्रजीत हा शब्द गाजला तोही एका राजकीय भांडणात. १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या जमिनीच्या प्रश्नावर बोलताना जॉन स्टुअर्ट मिलने सरकारच्या धोरणाला टोमणा मारला की, यांना स्वप्नाळू तरी कसे म्हणावे. स्वप्नाळू लोक फार चांगले काहीतरी मांडतात, यांनी मांडलेले तर फार वाईट आहे. त्यासाठी त्याने ‘डिस्टोपियन’ हा शब्द वापरला. गंमत बघा: वसाहतीतली जमीन, आणि तिथल्या कुळांना न विचारता दूरच्या राजधानीत ठरलेली धोरणे, या वादातून हा शब्द वर आला.

साहित्यप्रकार म्हणून तो उभा राहिला विसाव्या शतकात. तीन नावे पाठच करून टाका.

पहिला येवगेनी झाम्यातिन. हा रशियन जहाजबांधणी अभियंता. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी कारखान्याची शिस्त त्याने तिथे पाहिली, आणि मायदेशी परतल्यावर क्रांतीनंतरची सत्ता पाहिली. या दोन्हींची बेरीज म्हणजे १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत, म्हणजे लपण्यासारखे काही उरत नाही. शहराभोवती एक हिरवी भिंत आहे आणि रान त्या भिंतीबाहेर ठेवलेले आहे. १९२४ मध्ये ती इंग्रजीत आली. सोव्हिएत रशियात छापून यायला १९८८ उजाडावे लागले.

दुसरा ऑल्डस हक्सले, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, १९३२. इथे दंडुका नाही. सगळे खूश आहेत. दुःख झालेच तर ‘सोमा’ नावाची गोळी आहे. मुले बाटल्यांत वाढवतात आणि कोण अधिकारी होणार, कोण हमाल होणार, हे बाटलीतच ठरवतात. पुढे त्या मुलाला झोपेत ऐकवत राहतात की, तुझा वर्ग हाच तुझ्यासाठी सर्वांत चांगला.

इथे जरा थांबू या. जन्माआधीच माणसाचे काम ठरवणारी व्यवस्था कल्पायला हक्सलेला प्रयोगशाळा लागली. आपल्याकडे ती प्रयोगशाळेशिवाय शतकानुशतके चालली. तिच्यात हद्दी होत्या, ठरवून दिलेली कामे होती, कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचे याचे नियम होते, आणि हे सगळे योग्य आहे असे सांगणारी शिकवण होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंहार’ हा निबंध छापला, तो हक्सलेनंतर चारच वर्षांनी. मराठीत डिस्टोपियन कादंबऱ्या इतक्या कमी का, असे विचारले जाते. त्याचे एक उत्तर आम्हाला असे वाटते की, ज्यांच्या वाट्याला ती व्यवस्था आली त्यांना भविष्यकाळ वापरायची गरजच पडली नाही. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. या पुस्तकांना डिस्टोपिया म्हणणे चूक ठरेल, कारण ‘बलुतं’ हे तर घडलेलेच आहे आणि बागुलांच्या कथांमागे जगलेले वास्तव आहे. पण ‘ज्याला विचारले नाही त्याच्या तोंडून’ ही कसोटी लावली, तर जगातले डिस्टोपियन साहित्य जे करू पाहते ते मराठी दलित साहित्याने अनुभवाच्या बळावर करून दाखवले आहे.

तिसरा जॉर्ज ऑर्वेल. याचे आपल्याशी नाते जवळचे. जन्म १९०३, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील अफूच्या सरकारी खात्यात. १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. साम्राज्य कसे चालते, हे त्याने दंडुका हातात घेऊन पाहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, तो बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात होता. तिथे त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या शिरोळच्या वेणू चितळे होत्या. ऑर्वेलने लिहिलेली युद्धाची बातमीपत्रे भारतीय भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत, त्यांत मराठीही होती. प्रत्येक ओळ आधी सेन्सॉरच्या टेबलावरून जायची. हे सगळे डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाने १९४९ मध्ये ‘नाइन्टीन एटी-फोर’ छापली, आणि तिच्या नायकाला काम काय दिले? जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या बदलायचे. आजच्या सत्तेला जे सोयीचे, तेच काल घडले होते असे दाखवायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून भयंकर नोकरी कुठली?

आता या तिघांवरून आणि त्यांच्यानंतरच्यांवरून सामाईक खुणा काढू. यादी वाचून दाखवण्यापेक्षा आपल्याच भागातली उदाहरणे घेऊ, म्हणजे डोक्यात राहतील.

पहिली खूण: सौदा. डिस्टोपियातले लोक बहुतेक वेळा जिंकलेले नसतात. त्यांनी होकार दिलेला असतो. सुरक्षा घ्या, स्वातंत्र्य द्या. आपण वसईत बसलो आहोत, तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो वसईचा तह. होळकरांच्या भीतीने पळालेल्या पेशव्याला संरक्षण हवे होते. ते मिळाले. बदल्यात इंग्रजांची तैनाती फौज कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी दरसाल २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. गादी राहिली, नाव राहिले, ठरवायचा अधिकार गेला. १८१८ मध्ये उरलेलेही संपले. हा काही डिस्टोपिया नाही, सरळ राजकारण आहे. पण डिस्टोपियन कादंबरीतला सौदा असाच असतो: पहिल्या दिवशी सुटकेचा निःश्वास आणि पुढे हळूहळू कळत जाणारी किंमत.

दुसरी खूण: पाळत आणि परवाना. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आले. ते भविष्यातले नाही, पेशवाईतले आहे. त्यामुळे त्याला डिस्टोपियाचा जवळचा नातलग म्हणू. पण यंत्रणा बघा. नाना सत्ता उधार देतो, घाशीराम शहर शिस्तीत आणतो, रात्री बाहेर पडायला परवाना लागतो, आणि प्रत्येक गोष्टीसाठी जबाब द्यावा लागतो. मोरच्या बेटावरचा तो परवाना आठवतो ना? साडेचारशे वर्षांनी तो पुण्याच्या रस्त्यावर सापडतो. आणि काम झाल्यावर नाना घाशीरामला जमावाच्या हवाली करून मोकळा. पाळत ठेवणारा एक माणूस जातो, पाळतीची रीत मागे उरते.

तिसरी खूण: भाषा. ऑर्वेलच्या राज्यात दरवर्षी शब्दकोश लहान होत जातो. शब्दच नसला तर विचार कशाने करणार, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि त्याच वेळी ‘अनुशासन पर्व’ हा जड, धार्मिक सुगंधाचा शब्द सरकारी प्रचारात फिरू लागला. तुरुंग, मिसा, बंदी हे शब्द मागे आणि अनुशासन पुढे. त्याच डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून आणीबाणीला उघड विरोध केला आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. डिस्टोपियन कादंबरीत एक पात्र नेहमी असते: जे चाललेल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते. मराठी इतिहासात ते पात्र कऱ्हाडच्या मांडवात उभे राहिले होते.

चौथी खूण: शरीर. कोणी जन्माला यायचे, कोणाचे शरीर कोणाच्या कामी यायचे, हे व्यवस्था ठरवते. इथे मराठी लेखकांनी आपला स्वतःचा धागा पकडला आहे. डॉ. जयंत नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा आठवा. मुलगाच व्हावा अशी निवड विज्ञानाने हातात दिली तर समाजाचे काय होईल, असा तिचा प्रश्न. ही पाश्चात्त्य कादंबरीतली भीती नव्हे. ही आपल्या घरातल्या आशीर्वादातली भीती आहे, आणि कथेचे नावही आशीर्वादच आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. यात कुणा हुकूमशहाने आज्ञा केलेली नाही. घराघरात, बंद दाराआड, प्रेमाच्या नावाने झालेले निर्णय आहेत हे. ज्यांना विचारले नाही त्या तर जन्मालाच आल्या नाहीत. सगळ्यांत पक्का डिस्टोपिया असा असतो. त्याला पोलीस लागत नाहीत.

शरीराचीच दुसरी गोष्ट मुंबईची. मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकाला १९९७ मध्ये ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला; पुढे गोविंद निहलानींनी त्यावर ‘देहम’ हा सिनेमा केला. नाटकातला काळ २०१०, जागा मुंबईतली एक खोली. नोकरी गेलेला ओम आपले अवयव श्रीमंत देशातल्या गिऱ्हाइकाला द्यायचा करार करतो. मग घरात वस्तू येतात, ठरवून दिलेले खाणे येते, आणि छताला टांगलेल्या यंत्रातून गिऱ्हाईक चोवीस तास घरावर नजर ठेवते, कारण माल निरोगी राहायला हवा ना! आई टीव्हीत बुडून जाते. नाही म्हणते ती फक्त सून, जया. आपल्या मरणाची किल्ली आपल्याच हातात ठेवून ती नाही म्हणते. सौदा, पाळत, शरीर, गुंगी, आणि शेवटी एकटा नकार: पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या खुणा एका खोलीत.

या सर्वांना मराठी कादंबरीत एकत्र आणले ते नंदा खरे यांनी. नागपूरकडचे स्थापत्य अभियंते; बांधकामाच्या धंद्यात आयुष्य घालवलेले; ‘आजचा सुधारक’ मासिकाशी जोडलेले. आधी त्यांनी ‘अंताजीची बखर’ लिहून अठराव्या शतकातली मराठेशाही एका साध्या, बेरकी माणसाच्या नजरेतून दाखवली. २०१४ मध्ये ‘उद्या’ आली. हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवा: आधी बखर, मग उद्या. ज्याला मागचे बारकाईने दिसते, तोच पुढचे लिहू शकतो. ‘उद्या’तला काळ फार लांबचा नाही. सत्ता आणि भांडवल यांची गाठ बसली आहे, माणसांच्या व्यवहारांवर नजर आहे, विदर्भातल्या जंगलावर खाणीची छाया आहे, आणि मुली कमी झालेल्या आहेत. या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. आपण काही वर्षांपासून पुरस्कार घेणे थांबवले आहे, असे सांगून खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ च्या जुलैत ते गेले.

‘उद्या’ वाचताना एक तारीख शेजारी ठेवा. २९ सप्टेंबर २०१०, गाव टेंभली, जिल्हा नंदुरबार. देशातला पहिला आधार क्रमांक इथे दिला गेला. ज्याच्याकडे स्वतःची ओळख सांगणारा एकही कागद नव्हता, त्याच्या हातात ओळख आली. हे छोटे काम नव्हे. पण एकाच क्रमांकाला सगळे काही जोडत गेले की ओळखीची वही पाळतीची वही होऊ शकते, ही भीतीही खरी होती. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याच ओघात ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल आला. कादंबरीकाराचे काम निकाल देण्याचे नसते. त्याने एक धागा ओढून दाखवायचा. कापड उसवायचे की शिवायचे, हे आपण ठरवायचे.

शेवटची खूण: ‘बाहेर’. प्रत्येक डिस्टोपियाला एक भिंत असते आणि भिंतीपलीकडे काहीतरी उरलेले असते: रान, जुने पुस्तक, एखाद्या म्हातारीला आठवणारे गाणे. सत्ता त्या उरलेल्याला घाबरते, कारण जगण्याची दुसरीही रीत होती याचा तो पुरावा असतो.

इथून आपल्या गावाकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरार पट्टा मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इथल्या लोकांनी हरित वसईची चळवळ उभी केली. शेती, पाणी आणि हिरवा पट्टा वाचवा, हे तिचे म्हणणे. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांकडे आले. २०२४ च्या जुलैत ते आपल्यातून गेले. त्या चळवळीने कादंबरी लिहिली नाही. पण तिची विचाराची रीत नीट बघा: असेच चालू राहिले तर विहिरींचे काय, वाड्यांचे काय, पाणी जायच्या वाटांचे काय? हा डिस्टोपियाकाराचाच ‘तर’ आहे. जुलै २०१८ मध्ये पावसाने नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागर वस्तीतली माणसे अडकून पडली. तेव्हा तो ‘तर’ कित्येकांना आठवला असेल.

पण आपली कसोटी प्रामाणिकपणे लावायची तर दोन्ही बाजूंनी लावावी लागेल. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. ही माणसे कोण? त्यांतले बरेच जण मुंबईत घर परवडले नाही म्हणून आलेले. गिरणीच्या चाळीतून आलेले, कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आलेले. नालासोपाऱ्यातली एका खोलीची जागा हे त्यांचे स्वप्न होते आणि त्यात वाईट काहीच नव्हते. एकाची वाडी गेली, दुसऱ्याला छप्पर मिळाले. यात खलनायक शोधत बसलो तर गोष्ट चुकेल. विचारायचे ते असे: आराखडा आखला गेला तेव्हा वाडीवाल्याला किती विचारले, आणि नळाला पाणी येईल का, नाल्याला वाट राहील का, हे घर घेणाऱ्याला किती सांगितले? विचारले कुणालाच नसेल, तर हे दोघे एकमेकांचे शत्रू नाहीत. ते एकाच गोष्टीतली दोन पात्रे आहेत.

आणि भाषा? बावखल हा शब्द इथल्या जुन्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. वाडीतले गोड्या पाण्याचे ते तळे. त्यावर बागायत शिंपायची, पाऊस त्यात मुरायचा. बावखले बुजत गेली. नव्या संकुलातल्या मुलाला हा शब्द माहीत नाही, आणि त्यात त्या मुलाचा काय दोष? शब्दकोशातून तो कुठल्या सरकारने काढलेला नाही. वस्तू गेली, मागोमाग शब्द निघाला. पण शब्द गेला की ‘इथे पाणी कुठे मुरायचे?’ हा प्रश्न विचारणेही अवघड होते. म्हणून सामवेदी, वाडवळी बोलींचे शब्द गोळा करणारी माणसे आमच्या दृष्टीने नुसती हौस भागवत नाहीत. ती भिंतीपलीकडले जपत आहेत.

मग या कादंबऱ्या वाचायच्या कशा? भविष्य खरे ठरले का, हे तपासत बसू नका; ज्योतिष नाही ते. वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. हे स्वप्न कुणाचे? त्याची किंमत कोण देतो? आणि त्याला कुणी विचारले का? हेच तीन प्रश्न मग तहाला लावा, आराखड्याला लावा, घरातल्या आशीर्वादालाही लावा. सुरुवात कुठून करू, असे कुणी विचारले तर ‘पुत्रवती भव’पासून करा, एका बैठकीत होईल. मग ‘हार्वेस्ट’, मग ‘उद्या’. ऑर्वेल नंतर घेतला तरी चालेल. तो कुठे जात नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. इथल्या जुन्या वाड्यांतून आलेल्यांनी आणि नव्या इमारतींतून आलेल्यांनी, दोघांनीही विचारावेत.